माझ्या बोटांचं माप

बेट म्हटलं की लोकांना समुद्रच दिसतो. माडाची झाडं, शिडाची होडी, खारा वारा. आता वाशीमकडं समुद्र कुठून आणायचा? आमचं बेट नदीतलं. रिसोडच्या खालच्या अंगाला पैनगंगा एका ठिकाणी दोन धारांत फुटते आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन धारांच्या मधे खडकाचा उंचवटा, त्यावर चिंचेची झाडं आणि आम्हा भोयांची दहा-बारा घरं. बेट हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. आम्ही त्याला टापू म्हणायचो.

या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या मुलीकडं बघून विचारलं, "बाईंनी नोकरी कुठं केली?" मी म्हटलं, नदीत केली. ते हसले. मी काही हसले नाही. ज्या कामावर मी पोट भरलं, पोरीला शिकवून मास्तरीण केलं, त्याला कोणी नोकरी म्हणत नसेल तर न म्हणो. मासे धरणं आणि मासे विकणं हे माझं काम होतं आणि ते मी चांगलं केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी बढाई मारते असं कोणाला वाटायला नको.

मी सांगते आहे आणि मुलगी लिहिते आहे. तिनं माझी भाषा जरा धुऊन घेतली आहे, ते मी चालवून घेतलं. पण टापूवरची माणसं बोलतील ती त्यांच्याच तोंडानं, हे मी बजावून ठेवलं. त्यांना पुस्तकासारखं बोलायला लावलं तर ती माझ्या सपनात येऊन भांडतील, अशी माणसं होती ती.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, पण ते नदीच्या एकाच काठावर. दुसऱ्या काठावर मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. टापू दोघांच्या मधे. इकडचा शिपाई म्हणायचा तुम्ही तिकडचे, तिकडचा म्हणायचा तुम्ही इकडचे, आणि दोघंही फुकटात मासे घेऊन जायचे. घरात साप निघाला की माणसं म्हणायची, "पाह्य बरं, कोन्या राज्यातला हाये तो." बाकी आम्हाला दोन्ही राज्यांशी घेणंदेणं नव्हतं. उन्हाळ्यात इकडची धार गुडघ्याएवढी व्हायची, तेव्हा चालत रिसोडला जाता यायचं. पावसाळ्यात पाणी चढलं की टापू तुटला. मग आठ-आठ दिवस ना कोणी येणार, ना कोणी जाणार. ज्वारी, मीठ, तिखट, काडेपेटी आधीच भरून ठेवायची. बाळंतीण अडली तर टापूवरच्याच म्हातारीनं सोडवायची, ताप आला तर चुलीपाशी पडून राहायचं. पुरात डोंगा धरत नाही, म्हणून फारच निकड असली तर सांगड सोडायची. वाळक्या भोपळ्यांवर बाज बांधायची, माणसाला वर बसवायचं आणि दोन पोहणाऱ्यांनी ढकलत पलीकडं न्यायचं. मी नवरी म्हणून टापूवर आले ती अशीच, बाजेवर बसून. माझं माहेर कामरगावचं. बाप कावडीनं लोकांच्या घरी पाणी भरायचा, पण मला स्वतःला पाण्याची इतकी धास्ती की सगळी वाट डोळे मिटून होते. माझा नवरा किसन बाज ढकलत होता. तो म्हणाला, "डोये उघड ना वं. नदीची भेट घे, आता तिच्याच घरी राह्याचं हाये." तेवढ्या एका बोलण्यावर मला तो माणूस आवडला.

मासे विकणं हे बायांचं काम. त्यात काय मोठं, असं ज्यांना वाटतं त्यांनी उन्हाळ्यात एक टोपलं मासे डोक्यावर घेऊन रिसोडपर्यंत चालून बघावं. पहाटे जाळं निघालं की मासे ओल्या पळसाच्या पानांत थर लावून भरायचे. मरळ खाली, कारण ती दणकट आणि पाण्याबाहेर पुष्कळ वेळ जीव धरते. वांब वेगळी ठेवायची, नाहीतर ती सगळ्यांना बुळबुळीत करून टाकते. झिंगे सगळ्यात वर, फडक्यात बांधून. वाटेत विहीर लागली की पाणी शिंपडायचं आणि ऊन तापायच्या आत बाजार गाठायचा. मासा विकताना हाताला घाई पाहिजे आणि चेहऱ्यावर नको. गिऱ्हाइकाला एकदा कळलं की ऊन चढल्यामुळं तुम्ही घायकुतीला आलात, की संपलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. बाजूच्या खेड्यातले एक माळकरी बुवा मासे घ्यायला यायचे ते तोंड दुसरीकडं करून. मला नाही, समोरच्या गूळवाल्याला विचारायचे, "बाई काय भाव म्हणते?" गूळवाला मला विचारायचा, मी गूळवाल्याला सांगायची आणि वांब फडक्यात बांधून गुळाशेजारी ठेवायची. बुवा गूळ समजून उचलायचे. असं कितीतरी वर्षं चाललं. त्यांच्या बायकोला बाळंतपणात अंगावर दूध नव्हतं, तेव्हा मात्र बुवा तोंड समोर करून आले आणि म्हणाले, "भागाबाई, मरळ द्या, ताजी द्या." त्या दिवशी मी टोपल्यातली सगळ्यात चांगली मरळ काढून दिली.

दुसरे करीमचाचा कल्हईवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचा भाता असायचा. त्यांना एक खूळ होतं, की मासा चाखून ते त्याचा डोह सांगू शकतात. आज घेतलेल्या माशाचा निकाल पुढच्या बाजाराला यायचा. भाता चालवता चालवता ओरडायचे, "भागी, पिछले बाजार की मरल खडकडोह की थी. बोल, सच के नहीं?" त्यांचं एकदाही बरोबर आलं नाही. खडकडोह म्हणाले की मासा हमखास धारेतला असायचा. मी दर वेळी म्हणायची, "बराबर हाय चाचा, तुमाले कोन फसवन?" ते खूश व्हायचे आणि शेजारच्यांना सांगायचे की भोईणसुद्धा मानते. गिऱ्हाईक सांभाळायचं ते असं. शिवाय माणूस मनाचा मोठा होता. मंगरूळपीरच्या उरुसाला जाऊन आले की माझ्या पोरीसाठी रेवड्यांची पुडी आणायला कधी चुकले नाहीत.

आता जाळ्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

घरोघरी फेकायची लहान जाळी होती, पण टापू जगायचा तो मोठ्या जाळ्यावर. हे जाळं साऱ्या टापूचं मिळून एक. खडकडोहात आडवं लावायचं, एक टोक टापूच्या काठावरच्या खुंटाला, दुसरं पाण्यातल्या खडकाला. खालच्या दोरीला भाजलेल्या मातीचे मणी, वरच्या दोरीला वाळके भोपळे, म्हणजे जाळं भिंतीसारखं उभं राहतं. ते एका घरानं विणलेलं नसायचं. प्रत्येक घराचा त्यात एक पट्टा. बाया ताग कातून सूत काढायच्या, पट्टा विणायच्या, बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून लाल करायच्या. मग अक्षय तृतीयेला सगळे पट्टे चिंचेखाली मांडून पुरुषमाणसं ते एकमेकांना जोडायची. ज्याचा पट्टा जाळ्यात, तो टापूचा माणूस, आणि माशांत त्याचा वाटा. पट्टा नाही तर वाटा नाही, आणि वाटा नाही तर टापूवर राहून करायचं काय? सोयरीक जुळवतानासुद्धा पहिला सवाल तोच असायचा, "पट्टा हाये का जाळ्यात?"

जाळ्याची घरं, म्हणजे त्याची भोकं, सारखी यायला विणताना बांबूची एक चपटी पट्टी धरतात. तिला आम्ही माप म्हणायचो. हे माप घरच्या कर्त्या पुरुषाच्या बोटांवर कापायचं. त्याची दोन बोटं जोडून जेवढी रुंदी, तेवढं माप. त्यामुळं प्रत्येक पट्ट्याची घरं थोडीथोडी वेगळी. पाण्याखाली डोळे मिटून हात लावला तरी माणसं सांगायची की हा कोणाचा पट्टा. आणि माणूस गेला की त्याचं माप त्याच्या छातीवर ठेवून त्याच्याबरोबर पाठवायचं. पुढं त्याच्या मुलाच्या बोटांवर नवं कापायचं.

आणखी एक रीत होती. कोरडं जाळं बाईचं, ओलं जाळं बाप्याचं. सूत आम्ही कातायचं, गाठी आम्ही मारायच्या, पण जाळं एकदा पाण्यात उतरलं की सुकून काठीवर येईपर्यंत बाईनं त्याला हात लावायचा नाही. ओल्या जाळ्यात नदी असते, म्हणे. आणि तिसरी रीत सगळ्यात कडक. दुसऱ्याच्या पट्ट्याला सुरी लावायची नाही. काहीही होवो, पट्टा कापायचा तर ज्याचा त्यानं. या रीतीपायी भावाभावांची डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

किसन तापानं गेला. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते, नदी अजून उतरली नव्हती. सुभद्रा, म्हणजे हे लिहिणारी माझी मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागली होती. किसनचं माप मीच काढून दिलं. बारीक, गुळगुळीत झालेली पट्टी, हाताच्या तेलानं काळी पडलेली. ती त्याच्या छातीवर ठेवली तेव्हा मी रडले, तेवढी त्याला उचलतानाही रडले नाही. ते माप माझ्या हातात जेवढं राहिलं होतं तेवढं त्याच्याही हातात राहिलं नव्हतं. सगळा पट्टा मीच तर विणला होता.

दिवस झाल्यावर टापूची माणसं चिंचेखाली बसली. टापूचे म्होरके बळीराम आबा, माझे चुलत सासरे. गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. त्यांचा मुलगा नथू म्हणाला, "त्या घरात आता जाळं ओढाले बाप्या नाई. पोरगं असतं तं गोष्ट येगळी. पट्टा कायले ठेवाचा?" आबांनी एकदा माझ्याकडं, एकदा सुभद्राकडं पाहिलं. मग म्हणाले, "भागे, अक्षय तृतीयेपर्यंत तुहा वाटा चालू राहीन. जाळं नव्यानं जोडू तवा तुहा पट्टा बाजूले निंघन. तू माहेरी जाय. तुहा भाऊ चांगला हाये."

ते वाईट माणूस नव्हते. रीत होती तेच बोलले. पण मला जो राग आला तो आजही शब्दांत सांगता येत नाही. कामरगावला जाऊन भावाच्या दारात भावजयीचं दळण दळायचं? ज्या नदीला मी भीत होते तीत मी पोहायला शिकले होते, डोह ओळखायला शिकले होते. बाजारात लोक मला नावानं हाक मारत होते. मी म्हटलं, "आबा, मी ओढतो ना जाळं. माहे काय हात नाईत?" पुरुषमाणसं हसली. नथूची बायको सखू माझ्या शेजारी बसली होती, ती हसली नाही. तिनं पदराखालून माझं मनगट धरलं.

तो हिवाळा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. वाटा घ्यायला गेले की वाटायचं, आपण उसनं खातोय. अक्षय तृतीया जवळ येत होती. भावाचा निरोप आला की गाडी घेऊन येतो. मी भांडी आवरायला घेतली होती.

चैत्रात नथूच्या मामेभावाचं लग्न निघालं, मोगलाईत. टापूवरची झाडून सगळी पुरुषमाणसं डोंगा घेऊन वऱ्हाडाला गेली. सकाळीच मोठं जाळं डोहात लावून गेली होती, कारण नदी आटलेली, आभाळ स्वच्छ, संध्याकाळी येऊन काढू म्हणाली. चैत्रात कोणी नदीला भीत नाही. मागं राहिलो आम्ही बाया, पोरं आणि गुडघ्यांमुळं चिंचेखाली बसलेले आबा.

दुपारी वरच्या अंगाला, लांब, आभाळ काळं झालं. आमच्या डोक्यावर ऊन तसंच होतं. वर गारपीट झाली असणार. पाण्याला आधी वास येतो, ओल्या मातीचा आणि पालापाचोळ्याचा. मी काठावर भांडी घासत होते. वास आला आणि बघते तर पाणी गढूळ झालेलं. पाहता पाहता ते माझ्या भांड्यांपर्यंत आलं. मी ओरडले, "आबा, पाणी आलं. जाळं डोहात हाये."

सगळ्या बाया काठावर धावल्या आणि तिथंच थांबल्या. जाळ्याचं पोट फुगलेलं दिसत होतं. वरचे भोपळे एकेक करून पाण्याखाली जात होते. वर्षभराचं सूत, सगळ्या घरांचे हात, टापूची भाकर, सगळं आमच्या डोळ्यांसमोर ताणलं गेलं होतं. खुंट उपटला की सगळं मोगलाईत, आणि मग आम्ही सगळेच कामरगावला.

मी लुगड्याचा कासोटा घट्ट केला. आबा ओरडले, "भागे, मांगं हो. ओलं जाळं हाये ते. बाईनं शिवाचं नाई."

मी वळून म्हटलं, "आबा, ते गेलं तं दुसरं कोन कातन? आमीच ना? मंग आमचंच हाये ते. वलं असो का कोल्लं असो." आणि मी पाण्यात उतरले. पहिल्यांदा माझ्यामागं कोणी आलं नाही. मग सखू आली. तिच्या मागं बाकीच्या, लुगडी खोचून, एकमेकींचे हात धरून.

ओलं जाळं पहिल्यांदा हातात आलं तेव्हा कळलं ते किती जड असतं. आणि ओढतं, जिवंत जनावरासारखं. आम्ही काठाकडची दोरी धरून ओढायला लागलो तर जाळं उलट आम्हालाच आत नेऊ लागलं. तेव्हा चिंचेखालून आबांचा आवाज आला, "खालची दोरी सोडा वं, खालची! वरची धरा. खालची धराल तं मराल." रीत सांगणारा माणूस आता तऱ्हा सांगायला लागला होता. आम्ही खालची दोरी सोडली. पाणी जाळ्याखालून वाहायला लागलं, भार कमी झाला. मी पोहत जाऊन खडकाकडचं टोक सोडलं. एकेक हात करून जाळं काठाला येऊ लागलं, आणि वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात वरून बाभळीचं अख्खं झाड आलं, मुळांसकट. ते सरळ जाळ्यात शिरलं आणि अडकलं. काट्यांच्या फांद्यांनी दोन पट्टे धरले, एक आबांच्या घरचा आणि दुसरा त्याला लागून असलेला किसनचा. म्हणजे माझा. झाडानं पाण्याचा सगळा जोर अंगावर घेतला आणि जाळं आमच्या हातांतून सुटायला लागलं. सखूच्या तळहातांतून रक्त येत होतं. ती किंचाळली, "काप भागे, झाड मोकळं कर."

मासे सोलायची सुरी माझ्या कमरेला होती. पोहत झाडापाशी गेले. कोणताही एक पट्टा कापला असता तरी झाड निसटलं असतं. आबांचा पट्टा माझ्या हाताशी होता, माझा जरा पलीकडं, काट्यांत. पण दुसऱ्याच्या पट्ट्याला सुरी लावायची नाही. आणि तिथं पाण्यात, नाकातोंडात गढूळ पाणी जात असताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. काठावरच्या बायांपैकी कोणाचाच पट्टा तिचा नव्हता. तो तिच्या नवऱ्याचा होता, आणि नवरे लग्नात जेवत बसले होते. आबा काठावर होते, पण ते पाण्यात उतरू शकत नव्हते. पट्टा कापायचा अधिकार असलेली पाण्यातली मी एकटी. नवरा गेला म्हणून तो माझा झाला होता. ज्या कारणानं मला टापूवरून काढत होते, त्याच कारणानं टापूचं जाळं त्या घडीला फक्त मीच वाचवू शकत होते.

मी काट्यांत शिरले आणि माझा पट्टा कापला. एका बाजूनं वरपासून खालपर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. किसनच्या मापानं मारलेली एकेक गाठ माझ्या सुरीखाली तुटली. वरची दोरी तेवढी राखली. झाड माझा पट्टा अंगावर घेऊन वाहत गेलं, पुन्हा दिसलं नाही. कसं सांगू काय वाटलं ते? किसन दुसऱ्यांदा गेला असं वाटलं. पण जाळं हलकं झालं आणि बायांनी ते काठावर ओढून घेतलं, मलाही त्याच दोरीनं ओढून घेतलं. माझ्या दंडावर त्या काट्यांची खूण अजून आहे.

पुरुषमाणसं परत आली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. जाळं काठ्यांवर पसरलेलं, मधे दारासारखं मोठं भोक. नथूनं जाळं पाहिलं, आमची ओली लुगडी पाहिली, आणि जीव वाचल्याची गोष्ट राहिली बाजूला, तो पहिलं वाक्य बोलला ते हे: "वलं जाळं बायांनी शिवलं?"

सखूनं त्याच्यासमोर आपले रक्ताळलेले तळहात धरले. तो मागं सरला.

पण दुसरा कोणी तरी म्हणाला, "चाला, भागीचा पट्टा तं असाही निंघनार होता. नदीनंच नेला." आणि मला वाटलं, खरंच की. आता अक्षय तृतीयेची वाटही बघायला नको. जाळ्यात माझं काही उरलंच नाही. मी सुभद्राला उचललं आणि घराकडं निघाले.

"थांब वं," आबा म्हणाले. काठी टेकत ते जाळ्यापाशी गेले. भोकाच्या कडेनं हात फिरवला, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. माझ्या पट्ट्याशेजारचा त्यांचा स्वतःचा पट्टा शाबूत होता, त्याला सुरीचा एक ओरखडाही नव्हता. तो त्यांनी बोटांनी चाचपून पाहिला. मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "नदीनं नाई नेला. मी पाह्यलं. तिनं कापला. माहा हाताशी होता, तिनं तिचा कापला." काठीनं भोक दाखवलं. "आता या जाळ्यात भोक हाये. भोक पडेल जाळं मी डोहात उतरवू देनार नाई. भागे, तुहा पट्टा वीन."

नथू म्हणाला, "कोनाच्या मापानं? किसनचं माप तं त्याच्यासंगं गेलं. घरात बाप्या नाई."

आबांनी कमरेची सुरी काढली, कुंपणातला एक बांबू मागितला आणि मला म्हणाले, "हात पुढं कर." मी उजवा हात पुढं केला. त्यांनी माझी दोन बोटं जोडून बांबूवर ठेवली, नखानं खूण केली आणि सगळ्या टापूदेखत माप कापलं. माप सरळ आलं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "ज्याचा पट्टा, त्याचंच माप. आन् ज्याचं माप, तो जाळं ओढीन." मग मुलाकडं बघून, "आता वलं का कोल्लं, इचारू नको."

मी त्यांच्या पाया पडले. भावाची गाडी आली ती रिकामी परत गेली.

माझी बोटं बारीक, म्हणून माझ्या पट्ट्याची घरंही बारीक. सगळ्या जाळ्यात तेवढा एक पट्टा दाट दिसायचा, लांबून ओळखू यायचा. पुरुषमाणसं पुष्कळ दिवस चिडवायची, "भागीचा पट्टा म्हंजे गाळनी हाये, पानी बी गाळून घेते." पाण्याच्या धारेत दाट पट्टा ओढ घेतो हे खरंच होतं. म्हणून आबांनी तो काठाकडच्या टोकाला लावायला सांगितला, संथ पाण्यात. तिथं झिंगे असतात. बाकीच्या पट्ट्यांतून झिंगे निसटून जायचे, माझ्यात राहायचे. रिसोडच्या बाजारात झिंग्यांना जी मागणी होती ती टापूनं आधी कधी पुरवलीच नव्हती. चिडवणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपोआप थांबलं. नथूनं त्याच्या पोरीसाठी स्थळ पाहिलं तेव्हा पाहुण्यांना माझा पट्टा बोट करून दाखवला आणि म्हणाला, "ते आमच्या वयनीचं." मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिले झिंगे मी करीमचाचांना नेऊन दिले. त्यांना सगळी हकीकत बाजारात आधीच कळली होती. पुढच्या बाजाराला भाता थांबवून, डोळे मिटून, मोठ्या गंभीरपणानं म्हणाले, "भागी, ये झिंगा धार का था. नए पट्टे का हरगिज नहीं." मी म्हटलं, "बराबर हाय चाचा." आणि इतकी हसले की टोपलं सावरायला गूळवाल्याला यावं लागलं.

आबा गेले तेव्हा त्यांचं माप त्यांच्या छातीवर मी ठेवलं. नथूनंच मला पुढं केलं. पुढं सखूनंही नवऱ्याशी भांडून ओलं जाळं धरायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. मी म्होरकी वगैरे झाले नाही, मला ते जमलंही नसतं, माझं तोंड फार तिखट. पण जाळं डोहात उतरवताना काठाकडचं टोक कायम माझ्या हातात असायचं, गुडघे होते तोवर.

आता टापूवर फार थोडी घरं उरली आहेत. बाजारात तयार जाळी मिळतात, सगळी घरं एकसारखी, कोणाच्याही बोटांची नाहीत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ती जाळी कातायला बसावं लागत नाही, आणि ताग कातून कातून माझ्या मांडीची कातडी सोलली जायची ते मी विसरलेले नाही.

माप माझ्याजवळ आहे. काल लिहिता लिहिता सुभद्रा म्हणाली, "आई, ते माले दे. शाळेत काचेच्या कपाटात ठेवतो. पोराईले दाखवीन." एवढी शिकलेली मास्तरीण, पण काही मागायचं असलं की भाषा बरोबर टापूवर येते. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं आपली दोन बोटं त्यावर ठेवून पाहिली. तिची बोटं किसनवर गेली आहेत, रुंद. ती मापाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

मी माप परत घेतलं. म्हटलं, "पाह्यलं ना? तुहं नाई ते." ती रुसली. रुसू दे. टापूवर आजवर किती बाया गेल्या, माझी सासू गेली, सखू गेली. कोणाबरोबर हिरवं लुगडं गेलं, कोणाबरोबर नुसतं पांढरं. माप कधी कोणा बाईबरोबर गेलं नाही, कारण कोणा बाईचं नव्हतंच. हे माझं आहे. ते माझ्या छातीवर ठेवायचं, आणि ठेवायचं ते सुभद्रानं, हे मी तिच्याच हातानं इथं लिहवून घेतलं आहे.